एटीएमला ‘हो’ कोण म्हणते?

एटीएमच्या पोटात नोटा असतात, खातेदाराची माहिती नसते. खात्यात शिल्लक किती, पिन खरा की खोटा, पैसे द्यायचे की नाकारायचे, यातले काहीच ते यंत्र ठरवत नाही. ते विचारणा पाठवते आणि येईल ते उत्तर पाळते. एटीएमची सुरक्षितता कशात आहे आणि ती कुठे फसते, हे या एका गोष्टीवरून समजते.

पडताळणीची सुरुवात कार्डापासून होते. कार्डाच्या मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीवर कार्डक्रमांक, मुदत आणि आणखी काही आकडे कायमचे नोंदलेले असतात. ते वाचून कोऱ्या कार्डावर उतरवणे अवघड नाही. चोरटे कार्डाच्या खाचेवर बेमालूम बसणारे वाचनयंत्र आणि बटणांच्या वर बारीकसा कॅमेरा लावत. यालाच स्किमिंग म्हणतात. चिप मात्र चिमुकला संगणकच आहे. तिच्यातली गुप्त किल्ली कधीच बाहेर येत नाही. यंत्र रक्कम, तारीख आणि दर वेळी बदलणारा एक आकडा चिपला देते. चिप किल्ली वापरून त्यांचे सांकेतिक उत्तर तयार करते. ते उत्तर त्या एका व्यवहारापुरतेच असते, त्यामुळे काल चोरलेले उत्तर आज चालत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने पट्टीवाली कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घालून दिली होती.

पिन दाबायचा बटणफलकही साधा नसतो. दाबलेले आकडे फलकाच्या आतच सांकेतिक रूपात बदलतात. खुद्द एटीएममधल्या संगणकालाही ते उघडे दिसत नाहीत. कुणी फलक उचकटू लागले, तर आतल्या किल्ल्या आपोआप पुसल्या जातात.

मग विचारणा प्रवासाला निघते. कार्डक्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कार्ड कोणत्या बँकेचे ते कळते. कार्ड दुसऱ्या बँकेचे असेल तर विचारणा बहुधा राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’मधून त्या बँकेच्या स्विचकडे, म्हणजे अशा विचारणा हाताळणाऱ्या संगणकयंत्रणेकडे, जाते. तिथे पिन तपासला जातो, शिल्लक, रोजची मर्यादा आणि कार्ड बंद केलेले नाही ना हे पाहिले जाते, आणि होकार परत येतो. एवढे सगळे काही सेकंदांत उरकते.

हा होकारच खोटा असेल तर काय होते, हे पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेने अनुभवले. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेच्या यंत्रणेत हल्लेखोरांनी घातक सॉफ्टवेअर घुसवले आणि खऱ्या स्विचला बगल देणारा नकली स्विच उभा केला. नकली कार्डांवरून येणाऱ्या मागण्या बँकेच्या खातेप्रणालीपर्यंत पोचतच नव्हत्या. नकली स्विच वाटेतच ‘मंजूर’ म्हणून मोकळा होई. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले, भारतात आणखी अडीच कोटी. १३ ऑगस्टला १३ कोटी ९२ लाख रुपये बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून हाँगकाँगला वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पैसे देणारी एटीएम धडधाकट होती, त्यांच्यापर्यंत पोचलेला शब्द खोटा होता. दाराला कितीही कुलपे लावली, तरी आत बसलेला तोतया ‘येऊ द्या’ म्हणाला की ती निरुपयोगी ठरतात. म्हणून बँकेने स्विचवर पाळत ठेवणे आणि मंजूर झालेले व्यवहार खात्यांशी लगोलग ताडून पाहणे हे कार्डावरच्या चिपइतकेच महत्त्वाचे आहे.

अशी पडताळणी एटीएमबाहेरही लागते; नंदुरबार जिल्ह्यात ती वेगळ्या रूपात दिसते. नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या सातपुड्यातल्या गावांना काचेच्या खोलीतल्या एटीएमपेक्षा बँकमित्राच्या, म्हणजे बँकेच्या वतीने गावात व्यवहार करणाऱ्या प्रतिनिधीच्या, हातातले छोटे यंत्र अधिक सोयीचे. तिथे कार्डाच्या जागी आधार क्रमांक आणि पिनच्या जागी अंगठा. देशातले पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. या पद्धतीत पाठ करायचे काही नसते, ही मोठी सोय. पण कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे अनेकदा जुळत नाहीत, आणि चोरीला गेलेला पिन बदलता येतो तसा ठसा बदलता येत नाही. देशात दस्तऐवजांवरच्या अंगठ्यांवरून सिलिकॉनचे ठसे बनवून पैसे काढल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. आधारची बायोमेट्रिक माहिती ‘लॉक’ करून ठेवणे हा त्यावरचा उपाय. पैसे काढायच्या वेळी ती तात्पुरती उघडता येते.

ग्राहकाच्या हाती उरते ते थोडेच, पण मोलाचे: पिन दाबताना दुसऱ्या हाताचा आडोसा धरावा, पिन कुणालाही सांगू नये आणि मोबाइलवर येणारे बँकेचे संदेश वाचावेत. चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकाला भुर्दंड पडू नये, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने केली. म्हणून न काढलेल्या पैशांचा संदेश दिसताच आधी बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांसाठीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.