घडी भंडाऱ्याच्या कोषाची

भंडारा हे शहराचे नाव आहे, जिल्ह्याचे आहे आणि एका किड्याचेही आहे. टसर रेशीम देणारा अँथेरिया मायलिट्टा हा पतंग भारतातल्या ज्या ज्या जंगलांत राहिला, तिथल्या हवापाण्याप्रमाणे त्याचे निरनिराळे स्थानिक वाण तयार झाले. ओडिशाचा सुकिंदा, झारखंडचा डाबा, बस्तरचा रैली. याच यादीत रेशीमशास्त्राची पुस्तके ‘भंडारा’ हा वाण नोंदवतात. तलावांचा, भाताचा आणि पितळी भांड्यांचा जिल्हा म्हणून भंडारा सगळ्यांना ठाऊक आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात मात्र त्याचे नाव गेले ते ऐनाच्या पानांवर वाढणाऱ्या एका हिरव्या अळीमुळे.

तुतीचा रेशीमकिडा माणसाने इतका घरबशा करून टाकला आहे की त्याच्या पतंगाला आता उडताही येत नाही. टसरचा किडा रानातच राहिला. पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तो पाळण्याचे काम प्रामुख्याने ढिवर समाज करतो. मासेमारी हा ज्यांचा मूळ धंदा, ती माणसे पावसाळा लागला की अंडीपुंज घेऊन ऐन-अर्जुनाच्या जंगलात जातात. अळ्या झाडावर सोडल्या की पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून महिना-दीड महिना राखण करायची. एका झाडाचा पाला संपला की अळ्या उचलून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. अळी चार वेळा कात टाकते, अंगठ्याएवढी जाड होते आणि एक दिवस खाणे थांबवते.

त्यानंतरचे तिचे काम जवळून पाहण्यासारखे असते. तुतीची अळी सरळ कोष विणायला बसते. ही आधी फांदीला रेशमाचे कडे घालते, कड्यापासून एक चिवट देठ ओढते आणि त्या देठाला कोष लोंबता ठेवते. पान गळले तरी कोष पडत नाही. आत बसून, डोके डावी-उजवीकडे हलवत, ती शेकडो मीटर लांबीचा एकच अखंड धागा स्वतःभोवती घालते. तुतीच्या धाग्याच्या तीन-चार पट तो जाड असतो. शेवटी अंगातून एक द्रव सोडते. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आणि पानांतून आलेली टॅनिने यांनी कोष इतका टणक होतो की बोटांनी दाबून दबत नाही.

किरकोळ गोष्टी सोडल्या तर हा सगळा कोष म्हणजे प्रथिन. केस, नखे, रक्तातले हिमोग्लोबिन, पोटातली पाचक द्रव्ये ज्या वर्गातली, त्याच वर्गातला हा धागा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. आम्ले वीस प्रकारची, त्यांचा क्रम ठरवतो डीएनए आणि जोडणी होते पेशीतल्या रायबोसोमवर. इथवर शाळेच्या पुस्तकात असते. पुढचा भाग पुस्तक घाईने उरकते. साखळी तयार झाली म्हणून भागत नाही, तिची ठरलेली घडी पडावी लागते आणि काम करते ती घडी. ख्रिश्चन अँफिन्सेन यांनी अमेरिकेत रायबोन्यूक्लिएज नावाच्या प्रथिनाची घडी पार मोडून दाखवली. द्रावण पुन्हा अनुकूल केल्यावर त्या प्रथिनाने आपली जुनी घडी आपणच घेतली आणि ते कामालाही लागले. म्हणजे घडी कशी घालायची याची माहिती साखळीच्या क्रमातच असते. या कामासाठी १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

रेशमाच्या साखळीला फायब्रॉइन म्हणतात. तुतीच्या किड्यात तिची मुख्य साखळी ५२६३ अमिनो आम्लांची आहे. एवढी लांब साखळी, पण शब्दसंग्रह अगदी तोकडा: ग्लायसीन, ॲलॅनिन, सेरीन हीच आम्ले पुन्हा पुन्हा. टसरची साखळी त्याहून हट्टी. तिच्यात एकामागून एक दहा-बारा ॲलॅनिन लागतात, मध्ये ग्लायसीनचा भरणा असलेला थोडा तुकडा येतो, की पुन्हा ॲलॅनिनची रांग. ही साखळी बनवणारी रेशीमग्रंथी हा एक कारखानाच आहे. तुतीच्या किड्यावरच्या मोजणीनुसार एका फायब्रॉइन जनुकापासून सुमारे दहा हजार संदेशरेणू निघतात आणि चारेक दिवसांत प्रत्येक संदेशरेणूवरून सुमारे एक लाख प्रथिनरेणू तयार होतात. एका जनुकामागे एक अब्ज! ग्रंथीच्या पेशी त्या काळात विभागत नाहीत. नुसत्या फुगतात आणि डीएनएच्या प्रती वाढवत राहतात.

टसरच्या या रांगांचा अर्थ १९५५ मध्ये लागला. कॅलिफोर्नियात रिचर्ड मार्श, रॉबर्ट कोरी आणि लायनस पॉलिंग यांनी त्या वर्षी तुतीच्या रेशमाची रचना क्ष-किरणांनी उलगडली आणि टसर वंशाच्या रेशमावर स्वतंत्र निबंध लिहिला. साखळ्या ताणून शेजारी-शेजारी झोपवलेल्या, हायड्रोजन बंधांनी एकमेकींना बांधलेल्या, आणि अशा चुणीदार पत्र्यांची थप्पी लावलेली: या रचनेला बीटा-पत्रा म्हणतात. तुतीच्या रेशमात पत्र्याच्या एका अंगाला ग्लायसीन आणि दुसऱ्या अंगाला ॲलॅनिन येत असल्याने थप्पीतली अंतरे एकाआड एक कमी-जास्त होतात. टसरमध्ये दोन्ही अंगांना ॲलॅनिनच, म्हणून सगळे पत्रे सारख्या अंतरावर, ५.३ अँगस्ट्रॉमवर. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. या थप्प्यांत पाणी शिरत नाही. धाग्याची ताकद त्यांच्यात आहे, आणि थप्पी व थप्पी यांच्यामधल्या सैल साखळ्यांत त्याची लवचीकता.

पण अळीच्या पोटात हे पत्रे नसतात. ग्रंथीत फायब्रॉइन द्रवरूप असते, साधारण चौथा हिस्सा प्रथिन आणि बाकी पाणी. तिथे टसरच्या ॲलॅनिनच्या रांगा मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या असतात. अल्फा-मळसूत्र ते हेच. द्रव अरुंद नळीतून तोंडाकडे सरकतो तेव्हा पाणी कमी होते, आम्लता वाढते, क्षार बदलतात, आणि अळी डोके हलवून धागा ओढते त्या ताणाने मळसूत्रे उलगडून बीटा-पत्रे होतात. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह जो आलेख प्रसिद्ध केला, तो आज जगभर प्रथिनांच्या रचनेची पहिली तपासणी म्हणून वापरतात. ॲलॅनिनसारख्या आम्लाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते हे तो दाखवतो. परवानगी असलेली दोन मोठी बेटे त्यावर दिसतात, एक मळसूत्राचे आणि एक पत्र्याचे. ऐनाच्या फांदीवरची अळी आपले प्रथिन पहिल्या बेटावरून दुसऱ्यावर नेते, तेही साध्या हवेच्या तापमानाला, कोणताही विषारी द्रावक न वापरता. नायलॉनच्या गिरणीला हे अजून जमलेले नाही.

प्रथिनांनी असे एकमेकांना चिकटून धागा करणे पेशीबाहेर वरदान असते आणि पेशीच्या आत संकट. याचा पुरावा शोधायला भंडाऱ्याबाहेर जावे लागत नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि भंडारा त्या पट्ट्यातला जिल्हा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. पण व्हॅलिन पाण्याला टाळते आणि शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत जाऊन बसते. ऑक्सिजन सुटला की रेणूला रेणू जोडत ताठ दोर तयार होतात आणि गोल रक्तपेशी विळ्याच्या आकाराची होते. हा आजार रेणूचा आहे असे १९४९ मध्ये प्रथम सांगणाऱ्या चमूत पुन्हा लायनस पॉलिंगच होते. नेमके कोणते आम्ल बदलले ते व्हर्नन इन्ग्राम यांनी पुढच्या दशकात दाखवले. विवाहापूर्वी रक्ततपासणी करून घ्या, हे आरोग्यसेविका गावोगाव सांगतात त्यामागे साखळीतली ही एक जागा आहे.

कोषाकडे परत येऊ. बियाण्यासाठी राखलेल्या कोषांत उन्हाळाभर जिवंत प्यूपा झोपलेला असतो. विदर्भातला मे महिना सांगायला नको. उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पुन्हा पातळ होत नाही तो त्यामुळेच. जिवंत पेशी त्यावर उपाय म्हणून मदतनीस प्रथिने बाळगते. ती विस्कटू पाहणाऱ्या साखळ्यांना धरून ठेवतात, भलत्याशी चिकटू देत नाहीत आणि पुन्हा घडी घालायला वाव देतात. उष्णतेच्या माऱ्याने ती वाढतात, म्हणून त्यांना उष्माघात प्रथिने म्हणतात.

पावसाची चाहूल लागली की पतंगाला बाहेर यायचे असते. त्याला दात नाहीत, चावणारे जबडे नाहीत. १९६४ मध्ये फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी अँथेरिया वंशातल्या पतंगांचे गुपित उघड केले. तोंडाशी एक एन्झाइम कोरडे साठवलेले असते; पतंग लाळेसारखा क्षारयुक्त द्रव सोडतो, एन्झाइम विरघळते आणि कोषाच्या टोकाशी कामाला लागते. त्याचे नाव कोकूनेज. आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिनचा हा भाऊबंद. त्याची घडी अशी असते की साखळीत एकमेकांपासून दूर असलेली तीन आम्ले एका खाचेत समोरासमोर येतात आणि समोरच्या प्रथिनाचा बंध तोडतात. धाग्यांना चिकटवणारा सेरिसिन नावाचा डिंक ते पचवते, फायब्रॉइनच्या थप्प्यांना मात्र त्याचे काही चालत नाही. धागे बाजूला सारून पतंग बाहेर पडतो. मात्र भोक पडलेल्या कोषातून अखंड धागा निघत नाही, म्हणून विक्रीच्या कोषांना वेळेवर उष्णता देऊन आतला प्यूपा मारावा लागतो. या धंद्याचा हा भाग गोड करून सांगता येत नाही.

जे पतंग लाळेने करतो ते माणसे सोड्याने करतात. कोष साबण-सोड्याच्या पाण्यात उकळले की अल्कलीने सेरिसिन सुटते आणि धाग्याचे टोक सापडते. मग सात-आठ कोषांची टोके एकत्र करून सूत काढायचे. वर्षानुवर्षे बायका हे सूत उघड्या मांडीवर वळत आल्या; त्यात कातडे सोलवटते आणि मजुरी तुटपुंजी मिळते. केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचे रीलिंग यंत्र त्यासाठी आणले. मांडीवरच्या सुताचे कौतुक हातमागाच्या प्रदर्शनांत फार होते. ते कौतुक थांबून यंत्रे घरोघरी पोचलेली बरी.

मोहाडी तालुक्यातले आंधळगाव या सुताच्या विणकामासाठी ओळखले जाते. इथल्या करवती साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. काठावर करवतीच्या दातांची नक्षी, आणि विणताना तीन धोटे: दोन काठांचे दोन, अंगाचा एक. काठ सुती आणि अंग टसरचे. म्हणजे एकाच साडीत काठ सेल्युलोजचा आणि अंग प्रथिनाचे. दोन्हींचे रसायन वेगळे, रंगही वेगळ्या पद्धतीने चढतात. तीन धोट्यांचा खटाटोप करून ते एकमेकांत अडकवून ठेवायचे, यात कोष्ट्यांचे कसब आहे.

हाच धागा आता वैद्यकातही शिरतो आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनुया निसळ यांनी तुतीच्या रेशमातल्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरण्यासाठी सच्छिद्र साहित्य विकसित केले. टसरची गोष्ट आणखी पुढची आहे. त्याच्या साखळीत आर्जिनिन, ग्लायसीन, ॲस्पार्टिक आम्ल असा तीन आम्लांचा क्रम येतो. शरीरातल्या पेशी जिथे पाय रोवतात ती ही खूण, आणि तुतीच्या फायब्रॉइनमध्ये ती नाही. खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू यांच्या गटाने यावर बराच अभ्यास केला. अडचण एकच: टसरच्या थप्प्या इतक्या घट्ट की तुतीचा धागा ज्या द्रावणात विरघळतो त्यात हा विरघळत नाही. शेवटी त्यांनी धाग्याचा नाद सोडून अळीच्या ग्रंथीतूनच, घडी पडण्याआधीचे प्रथिन काढले.

करवती साडी घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अंगाचा एक सुटा धागा जाळून पाहा: केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांनी चुरडणारी काळी राख राहिली तर ते प्रथिन आहे, वितळून टणक मणी झाला तर ते पॉलिएस्टर. काठाचा सुती धागा कागदासारखा जळेल, त्याने घाबरू नका. रेशीम मंडळाच्या ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठीही मागावी. आणि धुताना पाकिटावर एन्झाइम लिहिलेली पावडर वापरू नका. डाग काढण्यासाठी त्यात प्रथिन तोडणारी एन्झाइमे असतात, आणि डागाचे प्रथिन कोणते व साडीचे कोणते हे त्यांना कळत नाही. थप्प्या टिकतील, पण मधल्या सैल साखळ्या तुटून कापड विरेल. त्यापेक्षा रिठ्याच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि सावलीत वाळवा.