‘रक्तातच आहे’ या वाक्याविषयी

आमच्या किलवणी-सिल्वासा भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे. त्यामुळे ‘आजार रक्तातच आहे’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या निबंधांतही सहज येते. सिकलसेलपुरते ते बरोबर आहे. औषधामुळे होणाऱ्या आजाराबद्दल मात्र ते जपून वापरावे लागते.

१९५५च्या सुमारास जपानमध्ये एक नवा रोग दिसू लागला. आधी पोटदुखी, मग पायांना मुंग्या, वर चढत जाणारी बधिरता, चालणे कठीण आणि काहींची दृष्टीही गेलेली. त्याला ‘स्मॉन’ म्हणतात. विषाणूचा संशय पसरला, शेजारी रुग्णांना टाळू लागले, काहींनी आत्महत्या केल्या. खूण मात्र डोळ्यांसमोर होती: कित्येकांची जीभ आणि लघवी हिरवी होत असे. ते हिरवे द्रव्य म्हणजे लोहाशी जोडले गेलेले क्लिओक्विनॉल, जुलाबावरच्या गोळ्यांतले औषध. निगाता विद्यापीठाचे तादाओ त्सुबाकी यांनी हा संबंध दाखवला. सप्टेंबर १९७०मध्ये विक्री थांबली आणि नवे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले. तोवर दहा हजारांवर माणसे बाधित झाली होती.

हेच औषध भारतातही ‘एन्टेरो-व्हायोफॉर्म’ या नावाने सर्रास घेतले जाई. मग रोग जपानमध्येच का? ‘जपान्यांची प्रकृतीच तशी’ हे उत्तर सोयीचे होते. पण मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी १९७७मध्ये मुंबईतले असे रुग्ण नोंदवले. शिवाय जपानमध्ये औषधाची मात्रा मोठी असे आणि ते दीर्घकाळ दिले जाई.

म्हणून आनुवंशिक प्रवणता खोटी ठरत नाही; ती दाखवावी लागते. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड घ्या. शरीरात त्याचा निचरा करणारे विकर ‘नॅट-२’ या जनुकावर अवलंबून असते. काहींमध्ये ते मंद चालते, औषध रेंगाळते, ब जीवनसत्त्वांपैकी ब-६ कमी पडते आणि तळपाय जळजळू लागतात. निम्म्याहून अधिक भारतीय असे मंदगती. जपानमध्ये दहांतला जेमतेम एक. इथे जनुक ठाऊक, विकर मोजता येते, आणि उपायही साधा: सोबत ब-६ची गोळी. स्मॉनबाबत ‘एबीसीसी-४’ या जनुकाचा तर्क मांडला गेला आहे, पण तो अजून तर्कच.

‘प्रवणता’ हा शब्द मला यासाठी आवडतो. उतार असला तरी पाणी कुणीतरी ओतावे लागते. (‘दोष’ म्हटले की सगळा भार रुग्णावरच येतो.) आणि ‘आजार झाला’ या वाक्यात ओतणारा दिसतच नाही. टोकियोच्या न्यायालयाने १९७८मध्ये तो नावानिशी सांगितला: औषध विकणाऱ्या कंपन्या आणि त्यांना परवानगी देणारे सरकार.