तुटलेल्या उसातली साखर कोण खातो?

सभासद बंधूंनो, ऊस तुटला तरी लगेच मरत नाही. त्याच्या पेशीत इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. उभ्या उसात ते वाढत्या कांड्यांना साधी साखर पुरवते. तोडीनंतरही ते थांबत नाही. साठवलेली साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. चवीला दोन्ही गोडच, पण त्यांचा दाणा पडत नाही, सगळे मळीत जाते. वजन घटते ते वेगळेच.

दुसरा चोर बाहेरचा. कापलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक हा जीवाणू शिरतो आणि आपल्या विकराने साखरेचा डेक्स्ट्रन बनवतो. रस बुळबुळीत होतो. जळीत उसात तर हे फारच लवकर. बुरशीपासून काढलेले डेक्स्ट्रनेज रसात घातले की डेक्स्ट्रन तुटतो. गेलेली साखर मात्र परत येत नाही. (मळीपासून अल्कोहोल करताना यीस्टमधले इन्व्हर्टेज आपल्याच कामी येते, ती गोष्ट निराळी!)

पाडेगाव केंद्राने १९९६ साली दिलेली को ८६०३२ सातारा-सांगलीत घरोघरी आहे. पण असली जातही फडात दोन दिवस उन्हात पडली तर उतारा कुठून येणार? आणि दर तर उताऱ्यावरच. म्हणून गाडी ठरल्याशिवाय तोड घेऊ नका. गाडी चुकलीच, तर मोळ्या पाचटाखाली झाका, वरून पाणी शिंपडा आणि गटऑफिसला त्याच दिवशी कळवा.