अर्धशक्ती आणि गडवाट

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की सह्याद्रीच्या वाटा माणसांनी फुलून जातात. वर्षभर बैठे काम करणारी मंडळी शनिवारी रात्री निघतात, अपुऱ्या झोपेवरच पहाटे कळसूबाई (१६४६ मीटर), राजगड अथवा हरिहर चढू लागतात आणि सोमवारी कामावर हजर होतात. यांतील अनेकजण आधी किंवा नंतर आपल्या चिकित्सालयाची वा औषधालयाची पायरी चढतात. म्हणूनच या विषयाचा विचार आपण करणे अगत्याचे आहे.

वाग्भटाचार्यांनी बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या व्यक्तीसही शीतकाली व वसंतात अर्धशक्तीनेच व्यायाम सांगितला आहे. अन्य ऋतूंत त्याहूनही अल्प. वर्षा ऋतूत शरीरबल व जाठराग्नी दोन्ही क्षीण असतात. शास्त्र ज्या काळात संयम सांगते, नेमकी त्याच काळात गडांवर झुंबड उडते. कपाळ, नाक व काखेत स्वेद येणे, मुखशोष होणे ही अर्धशक्तीची लक्षणे होत. नवखा माणूस मात्र मागे पडण्याच्या लाजेने ती दुर्लक्षून चालत राहतो. मग तृष्णा, क्लम, छर्दी, ज्वर, प्रतमक श्वास हे अतिव्यायामजन्य विकार दूर नसतात.

उंचीमुळे होणारा विकार साधारणतः २५०० मीटरच्या वर संभवतो. सह्याद्रीतील धाप ही चढण, उष्मा आणि अनभ्यास यांची असते. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर निवत नाही. ग्रीष्मात यातूनच उष्माघात ओढवतो. उलट पावसात भिजून माथ्यावरच्या वाऱ्यात थांबल्यास शरीराचे तापमान घसरते. अनावर थरथर, अडखळते बोलणे व बुद्धिभ्रम या त्याच्या खुणा. उतरताना थकलेल्या मांड्या गुडघ्यांना सावरू शकत नाहीत. अशा वेळी हरिहरच्या उभ्या, ओल्या पायऱ्यांवर एक चुकलेले पाऊलही प्राणघातक ठरू शकते.

तेव्हा वैद्याने दाखला मागणाऱ्यास थोडे प्रश्न अवश्य विचारावेत. श्रमाने छातीत दुखते काय? रक्तदाबासाठी मूत्रल औषध चालू आहे काय? मधुमेही इन्सुलिन घेतो काय? मूत्रल औषधाने जलक्षय वाढतो, तर इन्सुलिन घेणाऱ्याची रक्तशर्करा दीर्घ श्रमाने एकाएकी घसरू शकते. किमान सहा ते आठ आठवडे चालण्याचा व जिने चढण्याचा सराव नसेल, तर सोपी वाट सुचवावी. भिडेखातर दाखला देऊ नये.

औषधालयाची कसोटी अधिक अवघड आहे. गडावर जाण्यापूर्वी दोन दिवस अश्वगंधा किंवा च्यवनप्राश मागणारे ग्राहक येतात. रसायनाचा गुण सातत्याच्या सेवनाने येतो. तो सरावाची जागा घेत नाही, हे विक्री बुडाली तरी सांगावे. जलसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच मिसळावी, हे सांगूनच ती द्यावी. जलक्षय झालेल्या अवस्थेत वेदनाशामक गोळ्या वृक्कांना अपाय करतात. वाटेत छातीत दुखू लागल्यास ते पित्त समजून चूर्ण घेत बसू नये. सर्पदंशात लेप, आवळून बांधणे वा चिरा देणे टाळून, दंश झालेला भाग स्थिर ठेवून, प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय तातडीने गाठावे.

गडावर जाऊ नका, असे सांगण्याचे कारण नाही. पर्वतभ्रमण हा उत्तम व्यायाम आहे. मात्र आपले बल ओळखून अर्ध्या वाटेवरून परतणे यात कमीपणा नाही, एवढे जरी आपण रुग्णाच्या मनावर बिंबवू शकलो, तरी स्वस्थाच्या स्वास्थ्यरक्षणाचे आपले कर्तव्य पार पडेल.