घरच्या वर्कशॉपसाठी मिग वेल्डर कसा निवडावा?

मिग वेल्डिंगमध्ये रॉडऐवजी स्पूलवर गुंडाळलेली बारीक तार वापरतात. फीडरचे रोलर ही तार टॉर्चमधून सतत पुढे ढकलतात. तारेचे टोक आणि लोखंड यांच्यामध्ये आर्क पेटतो आणि वितळलेली तार सांध्यात उतरते. नोझलमधून सुटणारा वायू त्याच वेळी हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन दूर ठेवतो. 1948 मध्ये अमेरिकेतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत विकसित झाली, तेव्हा आरगॉनसारखा महाग वायू लागत असे. 1953 पासून कार्बन डायऑक्साइड वापरात आला आणि साध्या लोखंडाच्या कामासाठी ती परवडू लागली.

नवशिक्याला मिग सोपे जाते, याचे कारण विजेत आहे. हे मशीन व्होल्टेज स्थिर ठेवते. हात जरा जवळ गेला की आर्क आखूड होतो, करंट वाढतो आणि तार जास्त वेगाने जळून अंतर पूर्ववत होते. हात लांब गेला तर याच्या उलट घडते. सेटिंग जुळले की कढईत तेल तडतडावे तसा सलग आवाज येतो. आवाज अडखळला तर तारेचा वेग किंवा व्होल्टेज बदलावे लागते.

स्वस्त मशीन आज बहुधा इन्व्हर्टर असते. जुन्या मशीनमधला ट्रान्सफॉर्मर 50 हर्ट्झवर चालतो, म्हणून तो अवजड असतो. इन्व्हर्टर विजेची वारंवारता हजारो हर्ट्झपर्यंत नेतो, त्यामुळे लहान ट्रान्सफॉर्मरवर भागते आणि मशीन एका हाताने उचलता येते.

खोक्यावर ‘200 अँपिअर’ असे ठळक छापलेले असते. त्याला भुलण्याआधी घरातला पॉइंट पाहावा. 100 अँपिअरचा आर्क सुमारे 19 व्होल्टवर चालतो, म्हणजे 1.9 किलोवॅट. मशीनची कार्यक्षमता 80 टक्के आणि पॉवर फॅक्टर 0.7 धरला, तर 230 व्होल्टच्या पुरवठ्यातून जवळपास 15 अँपिअर ओढले जातात. एवढ्यात 16 अँपिअरचा पॉइंट संपतो. करंटबरोबर आर्कचे व्होल्टेजही वाढते, म्हणून त्याच हिशेबाने 200 अँपिअरसाठी 35 अँपिअरहून अधिक लागतात. त्याकरिता वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी हवा. व्होल्टेज वारंवार पडत असेल, तर मशीन किती कमी व्होल्टेजवर चालते हेही विचारून घ्यावे.

गरजेचा अंदाज सोपा आहे: दर मिलिमीटर जाडीला साधारण 40 अँपिअर. ग्रिल, टेबल किंवा रॅकसाठीचा चौकोनी पाइप बहुधा दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला 60 ते 80 अँपिअर पुरतात.

दुसरा आकडा ड्युटी सायकलचा. 120 अँपिअरला 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे वेल्डिंग आणि चार मिनिटे विश्रांती. हे मोजमाप 40 अंश तापमानाला केलेले असावे. ते कमी तापमानाला केले असेल, तर पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात मशीन लवकर बंद पडेल.

वायूचा सिलिंडर आणि रेग्युलेटर हा वेगळा खर्च आहे. कार्बन डायऑक्साइड स्वस्त असतो आणि सांधा खोल जातो, पण शिंतोडे जास्त उडतात. आरगॉन मिसळला की काम स्वच्छ होते. वायू टाळायचा असेल, तर फ्लक्स भरलेली तार मिळते. ती उघड्यावर, वाऱ्यातही चालते. मात्र धूर अधिक होतो आणि वरचा स्लॅग ठोकून काढावा लागतो. या तारेला टॉर्च सहसा निगेटिव्हला आणि साध्या तारेला पॉझिटिव्हला जोडतात. म्हणून पोलॅरिटी बदलता येणारे मशीनच घ्यावे.

दुकानात झाकण उघडून फीडर पाहावा. प्लॅस्टिकपेक्षा धातूचा फीडर टिकतो. रोलरची खाच तारेच्या मापाची हवी. पातळ कामाला 0.8 मिलिमीटरची तार सोयीची. टॉर्च सुटा होणारा असावा आणि टिप, नोझल जवळच्या दुकानात मिळावेत.

हेल्मेट, चामड्याचे हातमोजे आणि मोकळी हवा यांवर काटकसर करू नये. आर्कचे अतिनील किरण काही क्षणांत डोळे भाजतात, आणि गॅल्व्हनाइज्ड पाइपवरील जस्ताच्या धुराने ताप येतो.

घरच्या कामाला 200 अँपिअरच्या पाटीपेक्षा 100 ते 120 अँपिअरला चांगली ड्युटी सायकल, मजबूत फीडर आणि सहज मिळणारे सुटे भाग असलेले मशीन जास्त किफायतशीर ठरते.