चुनखडी : न आलेल्या पावसाची नोंदवही

अकोल्याच्या स्टँडवरून एक एस.टी. राजूर-भंडारदऱ्याकडे चढत जाते आणि दुसरी संगमनेरकडे उतरते. खिडकीजवळ जागा मिळाली तर रस्त्यासाठी कापलेल्या दरडींकडे जरा पाहा. वरच्या अंगाला माती तांबूस, भाताची खाचरे, नागली-वरईचे उतार. खालच्या अंगाला माती भुरकट होत जाते, माळ उघडे पडतात आणि दरडीत पांढरे खडे दिसू लागतात. कोणी मूठमूठ चुरमुरे मातीत कालवावेत, तसे. ही आपली चुनखडी. गंमत अशी, की खालचा खडक दोन्हीकडे एकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला काळा पाषाण, ज्याला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. आई एक, आणि लेकी एवढ्या वेगळ्या. असे का व्हावे?

याचे उत्तर पावसात आहे. काळ्या पाषाणात चुन्याचा अंश मुळातच भरपूर असतो, वजनाने साधारण दहावा हिस्सा. खडक झिजला की तो मोकळा होतो. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि फिक्या सोडावॉटरसारखे होते. या पाण्यात चुना विरघळतो. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथे पाणी चुन्याला थांबूच देत नाही, धुऊन ओढ्यात आणि ओढ्यातून प्रवरेत नेते. मागे राहते ती लोहाची तांबडी माती. तिथून ऐंशीएक किलोमीटरवर संगमनेरला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तिथले पाणी हातभर मुरते आणि उन्हाने परत वर ओढले जाते. पाणी उडून जाते, चुना उडत नाही. तो जिथे पाणी सुकले तिथेच बसतो. म्हणून मी चुनखडीला न आलेल्या पावसाची नोंदवही म्हणतो. पाऊस जिथवर पोचला आणि जिथून मागे फिरला, तिथे त्याने पांढरी रेघ मारून ठेवली आहे. अशा हजारो वर्षांच्या रेघा या जमिनीत आहेत.

ही वही वाचायला फार शिक्षण लागत नाही. आढळा खोऱ्यातल्या एखाद्या माळावर किंवा संगमनेरच्या पठार भागात जा आणि जमिनीत अर्धा रुतलेला दगड उपटून पाहा. वरची बाजू काळी स्वच्छ असेल, खालच्या बाजूला पांढरे पुट चढलेले असेल. मुरलेले पाणी दगडाच्या पोटाला थेंब होऊन लटकते आणि तिथेच सुकते, त्याचे हे पुट. जमीन उभी कापलेली पाहायची असेल तर विहीर खोदणाऱ्याला विचारा, नाहीतर आमच्याकडे कबर खोदणाऱ्याला. वरती वीतभर भुरकट माती आणि बारीक गोटे, मग पांढऱ्या शिरा असलेला मुरूम, मग कुदळ खणकन वाजते तो पांढरा कठीण थर, आणि त्याखाली खडक. हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत.

घरच्या घरी एक परीक्षाही करता येते. मातीचे ढेकूळ बशीत ठेवून त्यावर लिंबाचा रस पिळा. चुना भरपूर असेल तर बारीक फेस येतो. प्रयोगशाळेत हेच काम सौम्य आम्लाने करतात आणि मुक्त चुना किती टक्के ते मोजून सांगतात.

निसर्ग या चुन्याने बांधकामही करतो. प्रवरेच्या काठावर नदीने फार पूर्वी आणून टाकलेले गोटे चुन्याने सांधून काँक्रीटसारखे झाले आहेत. नेवाशाजवळ अशाच घट्ट झालेल्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. डॉ. हसमुख सांकलिया यांनी 1950 च्या दशकात तिथे उत्खनन केले आणि नेवासे जगाच्या नकाशावर आले. माणसानेही हीच युक्ती उचलली. चुनखडी भट्टीत भाजायची, विझवायची, घाणीत मळायची आणि तिच्यात दगड बसवायचे. आपले वाडे, देवळे, मशिदी अशाच उभ्या राहिल्या.

मग शेतकरी या जमिनीला नावे का ठेवतो? कारण चुना पिकाच्या ताटातला घास अडवतो. चुनखडीच्या जमिनीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. अशा जमिनीत लोह असते, पण ते विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. घरात धान्याची कणगी भरलेली आणि कुलपाची किल्ली हरवलेली, अशी गत. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. भिजपावसात भुईमूग पिवळा पडतो आणि उघडीप मिळाली की पुन्हा हिरवा होतो, तो याच कारणाने. उसावर केवडा पडतो त्यामागेही बहुतेक वेळा लोहाची ही अडवणूक असते. जस्ताचे तेच, स्फुरदाचेही तेच. सुपर फॉस्फेट टाकावे तर चुना त्याला धरून ठेवतो. युरिया नुसता वर फेकावा तर त्याचा बराच भाग अमोनिया होऊन हवेत जातो.

इथे एक घोटाळा टाळला पाहिजे. पांढरी दिसणारी प्रत्येक जमीन चुनखडीची नसते. कालव्याचे पाणी भरमसाट दिले आणि निचरा नसला तर जमीन क्षारपड किंवा चोपण होते. सामू साडेआठच्या वर गेला की सोडियमचा संशय घ्यावा. तो आजार वेगळा, त्याचे औषधही वेगळे. चोपण जमिनीला जिप्सम देतात. नुसत्या चुनखडीच्या जमिनीत जिप्सम टाकणे म्हणजे साखरेच्या पोत्यावर साखर ओतणे.

आता जगाकडे पाहू. अशी गोट्यांची, चुन्याची जमीन लडाखच्या थंड आणि कोरड्या पठारांवरही आहे, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या थंड चराऊ मैदानांतही आहे. तिथे बर्फ वितळून थोडे पाणी मुरते आणि चुना खाली जाऊन बसतो. थंडीमुळे गवत सावकाश वाढते. आपल्याकडे उलट, उन्हाळा मातीतला सेंद्रिय अंश जाळून टाकतो. हवामान वेगळे, पण परिणाम सारखाच : वरची माती पातळ, आणि एकदा गेली की पिढ्यान्‌पिढ्या न परतणारी. लडाखच्या चांगथांग भागातले लोक या जमिनीवर पश्मिना शेळ्या चारतात. आपल्या माळांवर धनगरांची दख्खनी मेंढी चरत आली. दोघांनीही जमिनीला जे जमते तेच तिच्याकडून मागितले.

माळाच्या या शहाणपणात गोट्यांचाही वाटा आहे. वरचे खडे पावसाचा मारा झेलतात, पाण्याला मुरायला फटी देतात आणि खालची ओल धरून ठेवतात. कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते त्यांच्याच आधाराने तगतात. आज मात्र माळावर जेसीबी चढतो. गोटे वेचले जातात, उतार सपाट होतो आणि हातभर खाली निजलेला पांढरा थर उलटून वर येतो. वीतभर चांगली माती त्याच्याखाली गाडली जाते. मग कर्ज काढून त्यावर मोसंबी किंवा लिंबू लावले जाते. पहिली एकदोन वर्षे खड्ड्यातल्या खतावर झाड छान दिसते. मुळे खड्ड्याबाहेर गेली की पाने पिवळी पडू लागतात. तोवर गवतही गेलेले असते आणि पैसाही.

म्हणून बाग लावण्याआधी तीन फूट खड्डा घ्या आणि थराथराची माती तपासून घ्या. मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर मोसंबी-लिंबाचा नाद सोडावा, असे कृषी विद्यापीठे सांगत आली आहेत. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे, बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे. विचारायला लांब जावे लागत नाही. हलक्या मुरमाड जमिनीत बोर, सीताफळ, आवळा तग धरतात. बाजरी, हुलगा, मटकी तर तिथलीच लेकरे. पीक घ्यायचेच तर शेणखत-कंपोस्ट सढळ हाताने द्या, स्फुरद शेणखतात मिसळून ओळीत पेरा, युरिया मातीआड करा, आणि पिवळेपणा दिसला तर तज्ज्ञांना विचारून फेरस सल्फेटची फवारणी घ्या. चुना काही संपणार नाही. त्याच्याशी जुळवून घ्यायचे आहे.

आणि जो उतार खरोखरच उघडा आहे, तो गवताला द्या. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने 1990 च्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, डोंगरउतारांवर समतल चर खोदले. उघडे डोंगर गवताने भरले, विहिरींना पाणी टिकले आणि गावात दूध वाढले. जमीन तीच होती, गावाने तिच्याकडून मागणे बदलले.

मी शब्दांचा माणूस, म्हणून शेवटी एका शब्दाबद्दल बोलतो. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे ‘पोटखराबा’ लिहिलेले असते. ज्या जमिनीने मेंढरे जगवली, वाड्यांना चुना दिला, विहिरींकडे पाणी मुरवले, तिला आपण खराबा म्हणतो. नांगर चालत नाही एवढाच तिचा गुन्हा. जमीन घेताना सातबारा आपण दहा वेळा वाचतो. एकदा जमिनीच्या पोटातली ही पांढरी नोंदही वाचावी. ती कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरापेक्षा जुनी आहे, आणि तिच्यात अजून कोणाला खाडाखोड करता आलेली नाही.