जुन्या जीपची ब्रेकनळी गळते? ठिगळ नको, नळीच बदला

रोवणीचे दिवस जवळ आले की सिहोरा परिसरात बैलबंडी, नांगर, पाण्याचे इंजिन यांची डागडुजी सुरू होते. पण ज्यांच्या अंगणात वडिलांच्या वेळची जीप उभी आहे, ते तिच्या पोटाखाली वाकून सहसा पाहत नाहीत. हीच जीप तुमसरच्या बाजारात धान नेते, खताची पोती आणते आणि सणावाराला सगळ्या घराला चांदपूरच्या हनुमानाच्या दर्शनाला घेऊन जाते. म्हणून तिचा ब्रेक हा साऱ्या घराच्या जिवाचा प्रश्न आहे.

महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे याच घराण्यातल्या जीपगाड्या खेडोपाडी पोहोचल्या. गाडी दणकट, दुरुस्ती सोपी. मात्र जुन्या जीपमध्ये एक उणीव आहे. चारही चाकांच्या ब्रेकला तेल पुरवणारा मार्ग एकच असतो. इंजेक्शनच्या पिचकारीला कुठेही छिद्र पडले तर दट्ट्या दाबूनही जोर लागत नाही, तसेच येथे होते. एका चाकाकडे जाणारी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. नंतरच्या गाड्यांत दोन वेगळे मार्ग आले, ते याच कारणाने.

नळी का गळते?

ब्रेकची नळी पोलादी असते. बांधीतला चिखल चेसिसच्या कोपऱ्यात साचून ओला राहतो आणि नळीला गंज चढतो. त्यात पोटॅशसारखे क्षारयुक्त खत सांडले तर गंज अधिकच वेगाने वाढतो. क्लिपाखाली, वळणावर आणि मागच्या ॲक्सलवर नळी आधी कुजते.

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाऊ लागले किंवा टाकीतले ब्रेक ऑइल वारंवार कमी होऊ लागले, तर गळती आहे असे समजावे. नळ्या धुऊन कोरड्या पुसाव्यात. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात पाहावे. टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर दोष बहुधा चाकातल्या सिलिंडरचा असतो. नळी बदलून तो जाणार नाही.

काय करू नये?

गळक्या नळीवर साबण, एम-सील किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी लावू नये. जोराने ब्रेक दाबताच आतला दाब असे ठिगळ उडवून देतो. फ्रिजची तांब्याची नळीही वापरू नये. धक्क्यांनी तांबे कडक होते आणि तडकते. तेल संपले म्हणून इंजिन ऑइल किंवा गोडे तेल तर मुळीच ओतू नये. त्याने आतले रबर फुगते आणि सगळी यंत्रणाच निकामी होते.

नळी कशी बदलावी?

गाडी सपाट, टणक जागी उभी करून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. जॅकने उचलल्यावर चेसिसखाली भक्कम ओंडके द्यावेत. विटांचा आधार घेऊ नये, वीट अचानक फुटते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये.

गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. ते रबरी नळीला लागू देऊ नये. साध्या पान्याने नट गोल होतो, म्हणून फ्लेअर नटाचा पाना वापरावा. तरीही नट हलला नाही तर जुनी नळी नटाजवळ कापावी, म्हणजे बंद तोंडाचा पाना चढवता येतो.

काढलेली नळी सरळ न करता तशीच दुकानात न्यावी. त्याच जाडीची ब्रेकची पोलादी नळी आणि त्याच आट्यांचे नट घ्यावेत. नळीच्या टोकाला दुहेरी घडीचे तोंड पाडावे लागते. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. इकहेरी घडी दाबाखाली चिरते. तोंड पाडण्याआधी नट नळीत ओवायला विसरू नये. जुन्या नळीच्या वळणाप्रमाणे नवी वाकवावी, ती चेपू देऊ नये. आतला कीस फुंकून काढावा. नळी सायलेन्सरपासून दूर ठेवून सर्व क्लिपा परत बसवाव्यात. त्याच वेळी रबरी नळ्याही पाहाव्यात. चिरलेल्या किंवा फुगलेल्या असतील तर बदलाव्यात.

हवा काढणे

हे दोन माणसांचे काम आहे. घरधनीण किंवा मोठी मुले सहज मदत करू शकतात. टाकीत सीलबंद डब्यातले, गाडीला सांगितलेल्या प्रतीचे नवे ब्रेक ऑइल भरावे. हे तेल हवेतली ओल शोषते. डॉट 3 प्रतीचे कोरडे तेल निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरल्यावर हीच मर्यादा 140 पर्यंत उतरते. म्हणून कधीचा उघडा पडलेला डबा वापरू नये.

उजव्या स्टिअरिंगच्या जीपमध्ये आधी मागचे डावे चाक घ्यावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने चाकामागचा निपल सैल करून बुडबुडे बाहेर सोडावेत, निपल घट्ट करावा आणि मगच पेडल सोडायला सांगावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे. टाकी मध्येच रिकामी झाली तर पुन्हा हवा शिरते.

निघालेले तेल परत भरू नये. ते विषारी असते. पाण्याच्या बाटलीत ठेवू नये, विहिरीजवळ किंवा गोठ्यात सांडू नये.

रस्त्यावर काढण्यापूर्वी

पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरावे. ते खाली जाता कामा नये आणि एकही जोड ओला दिसता कामा नये. मग मोकळ्या खळ्यावर हळू वेगात चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहावा. हँडब्रेकही तपासावा. तो तेलावर चालत नाही, म्हणून अडचणीत तोच कामी येतो. दुसऱ्या दिवशी सर्व जोड पुन्हा पाहावेत.

खासगी गाडीला 15 वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आर.टी.ओ.कडे तपासून घ्यावी लागते. पण त्या तपासणीची वाट पाहू नये. रोवणीआधी एकदा आणि कापणीनंतर एकदा गाडीखाली नजर टाकावी. पेडलबद्दल जराही शंका असेल तर गाडी रस्त्यावर काढू नये, मिस्त्रीलाच घरी बोलवावे. धान एक दिवस उशिरा बाजारात गेले तरी चालेल.